डिकीतला दगड

"वहिनी, ब्रेक कुठाय तुमच्या गाडीला? ही तर दारावरची घंटी!"

हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यासमोर हे वाक्य कानावर पडलं त्याला बरेच महिने झाले, पण अजून डोक्यातून जात नाही. बोलणारे माझे धाकटे दीर, राहणार पेण. आम्ही रोह्याहून मूर्ती न्यायला गेलो होतो, ते सोबतीला आले होते. कारखान्यासमोरचा रस्ता उताराचा. मी गाडी लावली, दोन सीटांच्या मधलं बोटभर बटण वर ओढलं, मागच्या चाकांतून 'घुंऽई' असा बारीक आवाज आला, समोर गोलातला लाल 'पी' पेटला आणि मी उतरले. एवढंच. पण भाऊजींनी खिडकीतून आत डोकावून आणखी तिघांना हाक मारली, आणि नवरीच्या गळ्यातला हार खोटा निघाल्यावर वराकडची मंडळी पाहतील तसं चौघांनी मिळून त्या बटणाकडे पाहिलं.

त्यांचं म्हणणं जराही पातळ न करता मांडते, नाहीतर म्हणतील वहिनींनी सोयीचं तेवढंच उचललं. हँडब्रेक म्हणजे हातात आला पाहिजे. कडकडकड ओढला की कळतं, लागला. बटणाचं काय, ओढलं, आवाज आला, लागला की नाही देव जाणे. बॅटरी उतरली की गाडी जागेवर खिळली. पुराचं पाणी शिरलं की तेच. चालत्या गाडीत पायाचा ब्रेक गेला तर दांडा ओढून जीव वाचतो, बटण काय वाचवणार? बिघडलं तर रोह्यात कोण हात लावणार, पनवेल गाठा. आणि मुळात ज्यांना चढावर गाडी उचलता येत नाही त्यांच्यासाठी कंपन्यांनी काढलेलं हे खूळ आहे. हे शेवटचं वाक्य बोलताना भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

हे एकट्या भाऊजींचं मत असतं तर मी मोदकाबरोबर गिळून टाकलं असतं. पण हेच मी वडखळच्या टपरीवर चहा पिताना ऐकलंय, रोह्याच्या स्टँडवर मिनीडोरवाल्यांच्या घोळक्यात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या तोंडूनही ऐकलंय. 2001 साली बीएमडब्ल्यूने आपल्या सेव्हन सिरीजमध्ये असा ब्रेक दिला, त्याला पाव शतक होत आलं. आपल्याकडे 2020 च्या क्रेटाने तो मध्यमवर्गाच्या बोलण्यात आणला, मागून एक्सयूव्ही 700 आणि नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांनी तो गल्लीत आणला. तरी आमच्याकडे बटण म्हणजे थेर आणि दांडा म्हणजे धर्म.

मत कुणाचं काहीही असो. मला चीड आली ती त्यातल्या छातीठोकपणाची. कारण याच उतारावर, याच कारखान्यासमोर, दोन वर्षांपूर्वी भाऊजींची गाडी त्या पवित्र दांड्यासकट मागे गेली होती आणि मी तिथे उभी होते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये लावलेली. दांडा ओढलेला. मूर्ती लाल कापडात गुंडाळून मागच्या सीटवर पाटावर ठेवलेली, एका बाजूला उशी, दुसऱ्या बाजूला माझी जाऊ. उकाडा मरणाचा. पुतण्या एसी लावायला म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. क्लच दाबला, गाडी न्यूट्रल केली, चावी फिरवली आणि शिकवल्याप्रमाणे सावकाश पाय उचलला. सगळं नियमाने. आणि गाडी निघाली मागे, झोपेतून उठलेल्या बैलगाडीसारखी, अगदी हळू. मागे बांबूच्या मांडणीवर अजून डोळ्यांची आखणी न झालेल्या मूर्ती वाळत होत्या. पुतण्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत बंपर मांडणीला टेकला. एका गणपतीची सोंड गेली, दोघांचे हात. माझी जाऊ पाट घट्ट धरून बसली होती म्हणून आमचा बाप्पा तेवढा वाचला. भाऊजी ओरडले, "अरे, हँडब्रेक ओढलाय ना!" ओढलेलाच होता. दांडा आभाळाकडे बोट दाखवत होता.

कारखानदार भला माणूस, एक शब्द बोलला नाही. भाऊजींनी तिन्ही मूर्तींचे पैसे दिले. सोमवारी मेकॅनिकने गाडी वर घेतली तर तार सैल झालेली, ड्रममधले लायनर संपत आलेले, दांडा नवव्या दात्यापर्यंत वर येतोय आणि चाकं हाताने फिरतायत. म्हणजे कोण जाणे किती महिने ती गाडी फक्त गिअरवर उभी राहत होती आणि घरातला प्रत्येक जण रोज इमानाने दांडा ओढत होता. तेव्हापासून भाऊजींच्या डिकीत एक काळा दगड असतो. छान पाचरीसारखा आहे. गाडी उतारावर लावली की ते आधी दांडा ओढतात, मग गिअर टाकतात, मग उतरून डिकी उघडतात आणि दगड चाकामागे ठेवतात. निघताना तो परत डिकीत. हमरापूरला माझ्या बटणाला नावं ठेवली त्या दिवशीसुद्धा तो त्यांच्या चाकामागे होताच. भाऊजी, हातातल्या ब्रेकवर एवढा भरवसा आहे तर दगडाचं ओझं कशाला वाहता?

आता त्या कडकड आवाजाबद्दल. तो आवाज येतो दांड्याच्या बुडाशी असलेल्या दात्यांचा. दांडा वर आला आणि तिथे अडकला, एवढीच त्याची साक्ष. पुढे गाडीच्या पोटाखालून जाणारी तार किती ताणली गेली, ती गंजलीय का, ड्रममधल्या पट्ट्या ड्रमला भिडल्या का, यातलं काही त्याला माहीत नसतं. साक्षीदार घटनास्थळी नव्हताच, तो दोन मीटर पुढे तुमच्या मांडीशेजारी बसला होता. आणि ती तार राहते कुठे? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या जिल्ह्यात, धरमतरच्या खाडीचा खारा वारा खात, मुंबई-गोवा महामार्गाचा चिखल अंगावर घेत. पावसाळ्यात दांडा ओढून गाडी महिनाभर उभी ठेवा. लायनर ड्रमला असे चिकटतात की दांडा खाली केला तरी चाक सुटत नाही. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून तर सगळे जुने लोक सांगतात, "पावसात हँडब्रेक ओढू नका, नुसती गिअरमध्ये ठेवा." म्हणजे ज्याचं एवढं कौतुक, तो वर्षातले चार महिने ओढायचाच नाही! असा कसा हा भरवशाचा?

बटणाचं उलट आहे. मोटर पॅड दाबत नेते तेव्हा तिला जोर लागतो, जोर लागला की ती जास्त करंट खेचते, आणि तो करंट ठरावीक मर्यादेला पोचला की गाडीतला संगणक मोटर थांबवतो. करंट वाढलाच नाही, तर पॅड भिडले नाहीत हे त्याला कळतं आणि तो समोर दिवा पेटवून बोंब मारतो. 'लागला की नाही देव जाणे' हे वाक्य मग नक्की कुणाला लागू पडतं?

आणि हात म्हणता तो कुणाचा हात? मोटारींच्या ब्रेकबाबत संयुक्त राष्ट्रांचा जो 13-एच नावाचा नियम आहे त्यात म्हटलंय की भरलेली गाडी 20 टक्क्यांच्या चढावर आणि उतारावर पार्किंग ब्रेकने थांबली पाहिजे, आणि हाताचा ब्रेक असेल तर त्यासाठी 400 न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. 400 न्यूटन म्हणजे साधारण चाळीस किलोचं ओझं उचलायला लागतं तेवढा जोर. ही वरची मर्यादा झाली, रोज कुणी एवढं ओढत नाही हे मान्य. पण भाऊजी ओढतात तो दांडा, त्यांची मुलगी ओढते तो दांडा आणि संधिवाताने बोटं वाकलेली माझ्यासारखी साठीची बाई ओढते तो दांडा, हे तीन वेगळे ब्रेक आहेत. गाडी तीच, उतार तोच, आणि ती थांबणार की नाही हे शेवटी कोण उतरलं त्यावर. मोटरीला संधिवात होत नाही. ती घाईतही नसते. मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाडीत आणखी एक भानगड होते. घाट उतरून डिस्क तापलेल्या असतात, गाडी लावल्यावर त्या निवतात, किंचित आकसतात आणि पॅडची पकड ढिली पडते. दांडा मात्र ओढला होता तिथेच. बटणाच्या बऱ्याच गाड्यांत संगणक काही मिनिटांनी स्वतःहून पुन्हा एकदा आवळून घेतो. रात्री अंगणातून 'घुंई' ऐकू आली की आमचे हे दचकतात. मी कूस बदलून झोपते.

बॅटरी हा मंडळींचा हुकमाचा एक्का. बॅटरी उतरली की बटणाचा ब्रेक सुटेल अशी निम्म्यांची समजूत आहे, आणि तो सुटणारच नाही अशी उरलेल्या निम्म्यांची तक्रार. दोघं एकाच पंगतीला बसून एकमेकांना माना डोलावतात, हा त्यातला विनोद. घडतं असं की मागच्या चाकाच्या कॅलिपरवर मुठीएवढी मोटर असते, ती दातेरी चाकांतून एक आटेदार दांडी फिरवते, दांडी पिस्टनला पुढे रेटते, पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतो. आटे अशा बेताचे की मागून कितीही दाब आला तरी दांडी उलटी फिरत नाही. पंक्चर काढताना स्क्रूचा जॅक लावता ना? हँडल सोडून चहा प्यायला गेलात म्हणून गाडी खाली येते का? तसंच हे. लावायला वीज लागते, काढायला वीज लागते, लागलेला ठेवायला काहीही लागत नाही. बॅटरी मेली, वायर तुटली, उंदराने कुरतडली, तरी उतारावरची गाडी उतारावरच.

काढता येत नाही हे खरं. पण बॅटरी मेलेली गाडी सोडवून नेणार कुठे होतात? धक्का मारून चालू करता येते, असं कुणी म्हणेल. गिअरच्या गाडीला ते लागू आहे, तेवढा मुद्दा मी देऊन टाकते. ऑटोमॅटिकला धक्क्याचा उपयोग नाही, आणि बटणाच्या गाड्यांत ऑटोमॅटिकच फार. दोन जंपर केबल डिकीत ठेवा. दगडापेक्षा हलक्या असतात.

वीज नसली तर ब्रेक काय कामाचा, असं म्हणणारे हेच लोक रोह्याहून पेणला एसटीने जातात तेव्हा कधी घाबरलेले दिसत नाहीत. हवेच्या ब्रेकची एसटी स्टँडात लावताना ड्रायव्हर काय ओढतो ते एकदा नीट बघा. छोटासा खटका, दोन बोटांत मावणारा. 'फुस्स' करून हवा बाहेर जाते आणि दणकट स्प्रिंगा चाकं आवळतात. ड्रायव्हरच्या दंडातली ताकद त्यात कुठेच नाही. पाइप फुटला, हवा गेली, तर ब्रेक सुटत नाही, लागतो. दिवा-रोहा गाडीचंही तत्त्व तेच, जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये बसवून दिलेलं. नळीतली हवा गेली की डबे आपोआप थांबतात. पन्नास माणसांच्या बसला आणि अख्ख्या आगगाडीला यंत्राचा ब्रेक चालतो, दीड टनाच्या गाडीला मात्र पुरुषाचा हातच पाहिजे! आमची मोटर स्प्रिंगेसारखी नाही, आपण होऊन लागत नाही, हा फरक मला कळतो. पण यंत्राने आवळलेलं चाक हाताने आवळलेल्यापेक्षा कच्चं, हे कुठून काढलंत?

पुराचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. 26 जुलै 2005 च्या पावसाने रायगडची काय दैना केली ते ज्यांनी पाहिलंय त्यांच्यापुढे पाण्यावर विनोद करू नये. पाणी चढताना गाडी हाताने ढकलून वर न्यायची तर दांडा बरा, असं म्हणतात. बरं, दांडा असतो कुठे? गाडीच्या आत. गाडी असते कुलूपबंद, चावी काढली की स्टिअरिंगही जाम होतं. म्हणजे ढकलायला आधी चावी हवी. चावी हातात असेल आणि पाणी अजून बॅटरीपर्यंत पोचलं नसेल तर बटणही चालतं, इंजिनही चालतं, ढकलता कशाला, बसून न्या! आणि पाणी बॅटरीच्या वर गेलं असेल तर दांड्याची गाडी तरी कोण कमरेभर पाण्यात ढकलणार आहे?

भिसे खिंडीत चालत्या गाडीचा पायाचा ब्रेक गेला तर काय, या सगळ्यांच्या लाडक्या प्रश्नाबद्दल थोडक्यात उरकते. चालत्या गाडीत दांडा ओढून आयुष्यात किती वेळा जीव वाचवलात, असं मी भाऊजींना विचारलं. एकदाही नाही. त्यांच्या मेव्हण्याच्या मित्राने वाचवला होता म्हणे. असा एक मित्र प्रत्येकाच्या मेव्हण्याला असतो. दांडा फक्त मागची दोन चाकं धरतो आणि एबीएसला बगल देऊन धरतो. ओल्या रस्त्यावर वेगात ओढला तर मागची चाकं जागच्या जागी जाम होतात आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. सिनेमात टाळ्या पडतात. खिंडीत एका बाजूला डोंगर आणि समोरून धाटावला निघालेला टँकर असतो. बटण मात्र चालत्या गाडीत ओढून धरलं तर बहुतेक गाड्यांत संगणक चारही चाकांना बेताबेताने ब्रेक लावतो, चाक जाम होऊ न देता, गाडी थांबेपर्यंत. हे शेजारी बसलेली बायकोसुद्धा करू शकते, ड्रायव्हरला झीट आली तरी. तुमच्याकडे हे किती जणींना माहीत आहे? गाडीबरोबरचं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असेल.

गॅरेजबाबत मात्र मला दोन पावलं मागे जावं लागतं, आणि तीही गिअर टाकून. मागचे पॅड बदलायचे तर या ब्रेकला आधी 'सर्व्हिस मोड'मध्ये घालावं लागतं, म्हणजे स्कॅनर जोडून किंवा पुस्तकात दिलेल्या क्रमाने मोटरीला आटे मागे घ्यायला सांगावं लागतं. ते न करता कुणी शिकंजा लावून पिस्टन मागे दाबला की आतली यंत्रणा मोडते आणि बिल बघून मालकाला घाम फुटतो. असं घडतं. माझ्या ओळखीत एकांच्या गाडीचं झालं, गॅरेज कुठलं ते सांगत नाही. पण दोष कुणाचा? इंजेक्शनवाली इंजिनं आली तेव्हा हेच म्हणत होतात, कार्ब्युरेटर बरा, स्क्रू पिळला की काम झालं. आज पेण-रोह्यातली चांगली पोरं लॅपटॉप लावून इंजिनाचे कोड वाचतात. ती ब्रेकचाही मोड लावतील, लावतातच. ज्याला लावता येत नाही त्याने गाडीला हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र बिघडतं का? बिघडतं. 2017 साली टेस्लाने 53,000 गाड्या परत बोलावल्या, ब्रेकच्या मोटरीतलं एक छोटं दातेरी चाक मोडण्याची भीती होती म्हणून. भीती कसली, तर ब्रेक लागला की सुटणार नाही याची. त्याच्या आदल्या वर्षी टोयोटाने जगभरातल्या 3,40,000 प्रियस बोलावल्या. त्यांचा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा आणि तारेचा, साधासुधा, तुमच्या आवडीचा. तिथे भीती होती ब्रेक लागणारच नाही याची. उतारावर लावलेल्या गाडीच्या मागे तुमचं नातवंड खेळत असेल तर या दोन बिघाडांपैकी कुठला पत्कराल?

राहिलं भाऊजींचं ते 'खूळ', चढावर गाडी उचलता न येणाऱ्यांसाठी काढलेलं. चढावर हाफ क्लचवर गाडी धरणं, दांडा सोडत सोडत ॲक्सिलरेटर देणं, ही कला आहे. मला येते. माझी परीक्षा पेणच्या आरटीओत झाली, चढावर गाडी थांबवून बोटभरही मागे न जाऊ देता उचलून दाखवली, आणि साहेबांनी मान वर न करता सही केली. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला परीक्षेचा नियमसुद्धा फक्त दांड्यावर अडून बसलेला नाही. चढावर गाडी मागे न जाऊ देता उचला, हँडब्रेकने उचला किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाच्या ब्रेकने उचला, एवढंच तो सांगतो. साधन त्याने तुमच्यावर सोडलंय. मग बटणाने, किंवा पाय काढला तरी गाडी धरून ठेवणाऱ्या ऑटो होल्डने, गाडी मागे जात नसेल तर तुमचा कुठला धर्म बुडतो? 2011 पासून रुंद होत असलेल्या आपल्या महामार्गावर गणपतीच्या आदल्या दिवशी सुकेळीच्या चढावर तीन तास इंचाइंचाने सरकलात की तुमची ही कला गुडघ्यात उतरते. मला माहीत आहे, कारण त्या रात्री बाम कोण मागतं ते मी ऐकते.

आणि गाड्या पळतात त्या काही कला नसल्यामुळे पळत नाहीत. विसरल्यामुळे पळतात. दुकानासमोर एक मिनिट म्हणून उतरलेला माणूस, फोन आलेला माणूस, मागे रडणारं मूल, हातात मूर्ती. 2016 च्या जूनमध्ये अँटन येल्चिन हा 27 वर्षांचा हॉलिवूडचा नट लॉस एंजलिसमध्ये स्वतःच्या घराच्या उतारावर स्वतःच्याच जीपने चिरडला गेला. जीप मागे घरंगळत आली होती. हे उदाहरण मला तोंडावर फेकून दाखवलं गेलंय, 'बघा, इलेक्ट्रॉनिक!' म्हणून. आता पूर्ण ऐका. त्या जीपमध्ये गिअरचा दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत यायचा. गाडी 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये, गेली की नाही हे हाताला कळतच नव्हतं, आणि लोक गेली असं समजून उतरायचे. म्हणजे हाताला काय वाटलं यावर भरवसा ठेवला आणि हात चुकला. अशा जगभरातल्या अकरा लाखांच्या आसपास गाड्या कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्येच परत बोलवायला घेतल्या होत्या. दुरुस्ती काय केली? जुना दांडा परत बसवला? नाही. माणूस 'पी' न टाकता दार उघडून उतरायला लागला तर गाडी आपण होऊन 'पी'मध्ये जाईल, असं सॉफ्टवेअर घातलं. माणूस विसरणार हे धरूनच चालले ते.

आपला कायदासुद्धा तेच धरून चालतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 126 वं कलम म्हणतं की ड्रायव्हरच्या जागी लायसन्सवाला माणूस नसेल तर गाडी सार्वजनिक जागी उभी करताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे, किंवा ती आपोआप चालू पडणार नाही अशी दुसरी तजवीज पाहिजे. दुसऱ्या तजविजीत तुमचा दगड बसतो, भाऊजी, घाबरू नका. पण 'ब्रेक लावलेला' पाहिजे, 'ब्रेक असलेला' नव्हे. बऱ्याच बटणाच्या गाड्यांत मी इंजिन बंद केलं की ब्रेक स्वतः लागतो. मी विसरले तरी लागतो. दांड्याच्या गाडीत विसरलेला दांडा एसटीत विसरलेल्या छत्रीसारखा पडून राहतो, आणि कुणी येऊन सांगत नाही.

माझी खरी तक्रार तुमच्यापैकी कुणीच केली नाही. हा ब्रेक मिळतो तो महागड्या मॉडेलांत, सनरूफच्या शेजारी, जणू तीही एक चैन आहे. ज्या घरात एकच गाडी, ती आजोबा चालवतात, सून चालवते, नुकतं लायसन्स मिळालेला नातू चालवतो, आणि जी रोज डोंगराच्या अंगाला बसलेल्या वाडीत उतारावरच लागते, त्या घराला कंपनी दांडा देते. स्वस्तातल्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम असतात, हिशेब बसत नाही, असं सांगतात. बसवा हिशेब. त्यावर ओरडा की जरा! तिथे सगळे गप्प, आणि मला म्हणे घंटी.

येत्या गणपतीला आपण पुन्हा हमरापूरला जाणारच आहोत. कारखाना तोच, उतार तोच. मी माझी गाडी लावते, न्यूट्रलला, नुसतं बटण ओढून. तुम्ही तुमची लावा शेजारी. दांडा हवा तेवढा ओढा, नवव्या दात्यापर्यंत ओढा, दोन्ही हातांनी ओढा. फक्त गिअर काढा आणि दगड डिकीत राहू द्या. मी माझ्या गाडीच्या मागे खुर्ची टाकून बसते, चहा पीत, मूर्ती मांडीवर घेऊन.

तुम्ही कुठे बसणार, भाऊजी?